बाबांची खालची बाथरूम

३ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचे! सामान उतरवताना फुटलं ते फक्त एका आरशाचं आणि माझ्या कंबरेचं नशीब. घर जुनं आहे, पण हाडापेराने दणकट. भिंती हातभर जाड, खिडक्या मोठ्या. उजेड इतका छान की बाबांनी आल्या आल्या चष्म्याशिवाय पेपर वाचायला घेतला. जमलं नाही, तेव्हा म्हणाले, शाईच फिकट आहे.

खोट एकच. बाथरूम वरच्या मजल्यावर, आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून चौदा पायऱ्या म्हणजे बाबांना डोंगर. खाली सोय होईतोवर कमोडची खुर्ची, आणि अंग मी ओल्या फडक्याने पुसून देते. तेव्हा ते भिंतीकडे बघत राहतात. चाळीस वर्षं इमारतींचे नकाशे काढलेला माणूस लेकीकडून पाठ पुसून घेताना चकार शब्द बोलत नाही. आज मात्र म्हणाले, खाली बाथरूम झाली की तुझी सुटका. मी म्हटलं, तुमचीही. पुष्कळ दिवसांनी हसले.

५ फेब्रुवारी, बुधवार

प्लंबर येऊन गेले. साठीचे, कमी बोलणारे, खांद्यावर हातभर लांब पान्हा. बाबांनी तासाभरात त्यांना ‘पान्हेकाका’ करून टाकलं, आणि ते चक्क हाकेला ओ देतात.

मला बाथरूम पुढच्या खोलीच्या कडेला, उन्हात हवी होती. काकांनी माझ्या बेतावर पाणी फिरवलं. म्हणाले, “ताई, नळ कुठेही नेता येतो, सांडपाणी नाही नेता येत. ते फक्त उताराचं ऐकतं.” म्हणून वरच्या बाथरूमच्या बरोबर खाली, कोठीच्या खोलीतच करायची. भिंतीतून जाड बिडाचा पाइप खाली येतो, बाहेरचं चेंबरही तिथून जवळ. ढाळ चार फुटांना एक इंच. हवेचा वेगळा पाइप वर न्यायचा, नाहीतर वास अडवणाऱ्या ट्रॅपमधलं पाणी शोषलं जाऊन घरभर घाण वास. एरवी ते जमीन सहा इंच उचलतात, पण तशाने पायरी होईल, आणि बाबांना पायरी नको. तेव्हा खाली खणायचं. बाबा आणि काका दोघं कागदावर वाकून भांडत होते. बाबांचा आवाज इतका तरतरीत कधीपासून ऐकला नव्हता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जुन्या पाइपाची परीक्षा. मी वरून दहा बादल्या ओतल्या, काका बाहेर चेंबरपाशी मोजायला. सातच आल्या. पुन्हा दहा ओतल्या. पुन्हा सात.

पाइपाला तडा असणार, असं काका म्हणाले खरे, पण मग तीन बादल्या पाणी कुठेतरी दिसायला हवं. त्यांनी कोठीच्या भिंतींवरून हात फिरवला, फरशी ठोकून पाहिली. खडखडीत कोरडं. जाताना डोकं खाजवत गेले.

बाबांनी टेप मागवली आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

बाबा सकाळभर वॉकर ढकलत घर मोजत होते. टेपचं दुसरं टोक माझ्याकडे. बाहेरून भिंत एकतीस फूट. आतल्या खोल्या आणि भिंतींची जाडी मिळून सव्वीस. तीनदा मोजलं. कोठीच्या मागे पाच फूट घर आहे आणि तिथे जायला दार नाही.

मला कसंसंच झालं. बाबा मात्र लॉटरी लागल्यासारखे खूश. म्हणाले, बघ, जागा घरातच आहे, खणायला नको.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गळती शोधायची पद्धत अशी: घरातले सगळे नळ बंद करायचे आणि मीटर बघत बसायचं. काट्याने हलता कामा नये. काल सकाळी अकराच्या ठोक्याला काटा फिरायला लागला. बारा मिनिटं फिरला आणि थांबला. आजही अकराला. बारा मिनिटं.

काकांनी लोखंडी सळईचं एक टोक कोठीच्या भिंतीला लावलं, दुसरं कानाला. गळती सुस्कारा टाकल्यासारखी एकसारखी ऐकू येते म्हणाले. मग सळई जरा सरकवली. बराच वेळ ऐकत राहिले. मी विचारलं तेव्हा सळई माझ्या हातात दिली.

बादली भरत होती. भरल्यावर नळ बंद झाला. मग मगाने पाणी घेतल्याचा आवाज. अंगावर ओतल्याचा. पुन्हा घेतल्याचा.

शेजाऱ्यांची लाइन आपल्यात आली असेल का, असं मी म्हटलं. काका म्हणाले, शेजार शंभर पावलांवर आहे, ताई.

१२ फेब्रुवारी, बुधवार

भिंत फोडली. मी नको म्हणत होते, बाबा ऐकेनात, आणि खरं सांगायचं तर काकांनाही चैन पडत नव्हतं.

विटांच्या एका थरामागे लाकडी दार. आतून कडी. काकांनी पहारीने उचकटलं; कडी शाबूत राहिली.

बाथरूम. पाच बाय सात. खिडकी नाही, दुसरं दार नाही. पांढऱ्या फरशा, नळ, बादली, मग. कुठे धुळीचा कण नाही. जमीन ओली. कोनाड्यातल्या साबणावर फेस होता, अजून बसायचा होता.

काकांनी नळामागची फरशी काढून पाहिली. नळाला पाइपच जोडलेला नव्हता. मागे नुसती वीट. खालच्या नहाणी ट्रॅपमध्ये, पाणी जायच्या भोकात, सळई घातली, पूर्ण आठ फूट आत गेली, तळ लागला नाही. त्यांनी ती हळूच बाहेर काढली आणि पुसली नाही, तिथेच ठेवून दिली. म्हणाले, उद्या विटा-सिमेंट घेऊन येतो, हे बुजवायचं. आणि कुणीही आत जाऊन कडी लावायची नाही.

बाबा उंबऱ्याशी उभे होते. उंबरा नाहीच खरं तर, जमीन सरळ आत जाते. भिंतीला धरायला दांडी आहे, बरोबर त्यांच्या हाताच्या उंचीला. बाबा एवढंच म्हणाले, “ढाळ काय सुरेख काढलाय.”

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काका आले नाहीत. फोनवर म्हणाले, कालपासून हाताचा साबणाचा वास जात नाही. सहा वेळा हात धुतले. उद्या बघतो.

मी दार दोरीने बांधून दुकानात गेले. अर्ध्या तासात परत. बाबा खुर्चीत बसलेले, न्हालेले, केस विंचरलेले, धुतलेला शर्ट. वॉकर पलंगाशीच. दोरी सोडून, गुंडाळी करून ठेवलेली.

मला रडू आलं. आनंदाचं की कसलं, कळेना. चार महिन्यांनी माझे बाबा आपल्या पायांनी आंघोळीला गेले होते. म्हणाले, पाणी अगदी बेताचं गरम होतं. पाठसुद्धा चोळून मिळाली.

कुणी चोळली, असं विचारलं. ते माझ्याकडे बघत राहिले, जसं काही मी भलतंच विचारलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काका आजही आले नाहीत. दाराला मीच आठ खिळे ठोकले. बाबा बोलत नाहीत माझ्याशी. जेवले नाहीत.

त्यांच्या बोटांना सुरकुत्या पडल्यात, तासन्‌तास पाण्यात राहिल्यासारख्या. कालच्या आहेत, अजून जात नाहीत. गादी ओली आहे. ती घामाने नाही. साबणाच्या वासावरून कळतं.

अकराला पलंगावर ताठ बसले आणि बारा मिनिटं दाराकडे बघत राहिले. आतून आवाज येत होता. मग म्हणाले, तो माझ्यासाठी थांबलाय, पोरी. त्याला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही.

मी म्हटलं, आपण उद्या हे घर सोडायचं. बाबा म्हणाले, तू जा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा दहा बादल्या ओतल्या. का, माहीत नाही. काहीतरी मोजावंसं वाटलं. चेंबरची पुढची वाट बोळ्याने बंद करून साठलेलं पाणी मोजलं. दोनच आल्या.

बाबा हलके झालेत. उचलून खुर्चीत बसवताना मीच धसकले. कातडी गार, दाबलं की खड्डा तसाच राहतो. डॉक्टरांना फोन केला. सोमवारी या म्हणाले. सोमवारी!

उद्या सकाळी गाडी येणार आहे. बाबांना सांगितलेलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

गाडी साडेदहाला येणार होती. आली नाही. अकराला पाच कमी असताना बाहेरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायला गेले. पूर्ण आवळला. मीटर थांबलेला, डोळ्यांनी पाहिला. पाच मिनिटं. फक्त पाच.

आत आले. पलंग रिकामा. आठही खिळे जमिनीवर, एका ओळीत. दाराला आतून कडी.

पाणी चालू आहे. व्हॉल्व्ह बंद आहे आणि आत पाणी चालू आहे.

दार बडवलं. बाबा म्हणाले, आलोच पाच मिनिटांत. आनंदात आहेत. गुणगुणतायत.

काकांना फोन केला. पहार घेऊन निघालेत. वीस मिनिटं. म्हणाले, मी येईपर्यंत दाराला हात लावू नका. म्हणून लिहितेय. हात गुंतवून ठेवायला. कोठीत, दारासमोर, जमिनीवर बसून—

११.०७. दोन मग आहेत. एकाचा आवाज, मग दुसऱ्याचा.

११.०९. गुणगुणणं थांबलं. बाबा विचारतायत, बाहेरून कडी का घातलीस. बाहेर कडीच नाही, बाबा. कडी तुमच्याकडे आहे. म्हणतात, हाताला लागत नाही. दारच हाताला लागत नाही—

११.१०. रडतायत. मी त्यांना कधी रडताना— मी बोलतेय त्यांच्याशी. काका येतायत, धीर धरा, मी इथेच आहे—

११.१२. पाणी थांबलं.

दाराखालून ओलं आलं. ओघळ नाही. पाऊल. दार बंद आहे आणि माझ्या बाजूला एक ओलं पाऊल उमटलं. आता दुसरं. माझ्या शेजारून पुढे—

बाबा आतून हळूच बोलतायत, अगदी दाराला तोंड लावल्यासारखे. आत आता मी एकटाच आहे म्हणतात. मागे बघू नकोस पोरी, खाली मान घालून लिहीत राहा, तू लिहितेस तोवर तो वाचत उभा राह—