धोंड्याच्या आधी किनारा

१७ मे, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठे सेनापती लिहायचे म्हणे.
धोंड्याचा महिना बी आजच लागला. भावना सकाळच्या गाडीनं माहेरी गेली, पिंपळगाव रेणुकाईला. जाताना म्हणली, या महिन्यात जेवायला या, मानानं वाण घ्या, मंग मी तुमच्या मागं गाडीवर बसून येते. न्हाई आलात तर आणायला बी येऊ नका, त्या कॉम्प्युटरसोबतच संसार करा. गंमत करते. धोंड्याला जावई गेला न्हाई असं कुठं झालंय का? अख्खा महिना पडलाय.
संकल्प: तोवर दुसरं महायुद्ध संपवायचं.

१८ मे
या गेममध्ये आपला चेहरा दिसत न्हाई. नुसते दोन हात आन बंदूक. आईनं मागून पाह्यलं, म्हणली बाकीचा माणूस कुठंय? सांगितलं, बाकीचा मी. म्हणली, मंग तेवढा तरी दुकानात पाठव. पेरणीच्या आधी आपल्या पाइप-मोटरीच्या दुकानात गर्दी असते, मला काय माहीत न्हाई? पण गिऱ्हाईक दरसाल येतं. महायुद्ध दरसाल होत न्हाई.
पहिलं मिशन: बोटीतून उतरून समुद्रकिनारा घेणे. बोटीचं फाटक उघडलं. मेलो. थोड्या वेळात आपोआप परत जिवंत. एकदम सोपं काम हाय.

२१ मे
अजून बोटीतच. कारण सापडलं. बदनापूरच्या माणसाला समुद्राचं काय कळणार? मी सगळ्यात मोठं पाणी पाह्यलं ते जायकवाडीचं, ते बी शाळेच्या सहलीत. मैदानी लढाई असती तर एव्हाना बर्लिनला चहा पीत असतो.
बबलूला विचारलं. शाळेपासूनचा दोस्त, मोबाइलचं दुकान हाय, गेम त्यानंच कॉम्प्युटरवर टाकून दिला. म्हणला, फाटक उघडलं की पळत सुट, उभा काय राह्यतो? मी उभा न्हाई राह्यत. परिस्थितीचा अभ्यास करून राह्यलो असतो.
सासऱ्यांचा फोन. रामकिसनराव साधा माणूस. म्हणले, रविवारी या, धोंडे करतो. सांगितलं, या रविवारी जरा मोर्चेबांधणी हाय. म्हणले, बरं, मंग पुढच्या.

२४ मे, रविवार
आज ऑनलाइन. खऱ्या माणसांसोबत. एका पडक्या घरात शिरलो तर दारात जर्मन हजर. अगदी तोंडासमोर. मी थांबलो. आपल्यात दारात आलेल्या माणसाला आधी या-बसा म्हणायची रीत हाय. त्यानं सरळ गोळी घातली. काय संस्कार असतात एकेकाचे!
टीममधला एक जण हेडफोनात ओरडून विचारायला लागला की हा कोण, कुठला हाय. मी नाव, गाव, तालुका, जिल्हा बराबर सांगितला. त्यानं मला टीममधून काढून टाकलं. जळतात लोक.

३१ मे, रविवार
आज जाणारच होतो. आंघोळ बी झाली होती. निघताना म्हणलं एक डाव टाकून जावं, तर मधेच लाइट गेली. लढाई अर्धवट सोडून जेवायला जाणं शिपायाला शोभत न्हाई, म्हणून लाइटची वाट पाहत बसलो. आली तेव्हा ऊन कललं होतं. यात माझा काय दोष?
साडू कल्याण मात्र गेल्ता. घनसावंगीचा ऊसवाला, मेहुणी अर्पिताचा नवरा. त्याला पाटावर बसवून पाय धुतले, अनारशाचं वाण दिलं, शर्टपीस दिलं. फोटो सगळ्या ग्रुपवर. त्यानं आयुष्यात एक जर्मन मारला न्हाई!
भावनाचा मला काहीच मेसेज न्हाई. रागावली असती तर केला असता. म्हणजे रागावलेली न्हाई.

४ जून
संकल्प: गेम बंद. कायमचा.
दुकानात बसलो. एका गिऱ्हाइकानं ठिबकची नळी मागितली, मी बोअरचा पाइप बांधून दिला. डोक्यात किनारा. ते परत येऊन आईला बोलून गेलं. आई म्हणली, तू घरीच बरा.
आईचा हुकूम मोडता येत न्हाई. गेम चालू.

७ जून, रविवार
आज सासऱ्यांनी बोलावलंच न्हाई, त्यांनाच लग्नाला जायचं होतं. फोनवर म्हणले, आता चौदा तारीख शेवटची, पंधराला अमावस्या, महिना संपला. दुपारी बारा वाजता पान वाढू. मंग भावना फोनवर आली. म्हणली, बॅग भरून ठेवते. एवढंच.
खरं सांगू का, करमत न्हाई. सकाळी स्वयंपाकघरात बांगड्या वाजायच्या, त्यावर मला जाग यायची. आता आई हाक मारते, ती बी शिव्या देऊन. घर खायला उठतं. हे फक्त इथं लिहून ठेवतो. जर्मनांना कळायला नको.

१४ जून, रविवार, पहाट
नवा शर्ट इस्त्री करून खुंटीला. गाडीत पेट्रोल. आठला निघायचं. तोवर एकच डाव.

सकाळ
किनारा घेतला! फाटक उघडलं आन बिलकुल अभ्यास न करता पळत सुटलो. डोळ्यात पाणी आलं, आईशप्पथ. आईला जाऊन सांगितलं. म्हणली, बरं झालं बाबा, आता आंघोळ कर.

नऊ वाजून गेले
किनाऱ्याच्या पुढं एक गाव निघालं. तिथली गरीब माणसं माझ्याकडं पाहून राह्यलीत. त्यांना असं सोडून धोंडे खायला कसं जावं?

अकरा
गाव सोडवलं. आता फक्त एक पूल. राजूरवरून गाडी हाणली की पोचलोच. जावयाशिवाय पान वाढतात व्हय कुठं?

दीड
पूल पडला. निघालो.

१५ जून, अमावस्या
काल पोचलो तेव्हा पाट उचलून भिंतीला लावला होता. दोन वाजेपर्यंत सगळे उपाशी थांबल्ते म्हणे. मंग सासऱ्यांनी वाण रेणुकामातेच्या देवळात नेऊन ठेवलं. कुणी रागावलं न्हाई. सासूबाईंनी पाणी दिलं, गार झालेले धोंडे वाढले, वर तूप बी वाढलं. रागावले असते तर बरं झालं असतं.
भावनाची बॅग दाराशी भरून ठेवलेली. तिनं एकच विचारलं, जिंकलात का? मी किनारा, गाव, पूल, सगळं सांगितलं. मधे एकदा बी तोडलं न्हाई तिनं. सगळं ऐकून घेतलं आन बॅग उचलली. मी खुश! बाहेर जाऊन गाडी वळवली, चालू केली. ती बॅग घेऊन आत गेली.
बराच वेळ गाडी चालू ठेवून उभा होतो.
घरी आलो तर कॉम्प्युटर बंद. आई म्हणली, रिकामा पंखा फिरतोय त्या डब्याचा, म्हणून बटण दाबलं. चालू करून पाह्यलं. पूल न्हाई, गाव न्हाई. मी बोटीत. बबलूला फोन केला. म्हणला, सेव्ह करायचं असतं हे पहिल्याच दिवशी सांगितल्तं.
मंग आज सासऱ्यांना फोन केला. पुढचा धोंडा कधी, विचारलं. म्हणले, तीन वर्षांनी. भावनाला द्या म्हणलं तर म्हणले, ती घरात न्हाई. मागं बांगड्या वाजल्या.
तीन वर्षं. म्हणजे तयारीला भरपूर वेळ हाय. आता आधी किनारा, मंग सेव्ह, मंग भावना.
बोटीचं फाटक उघडलं. मेलो.