फेट्याची उशी

१४ डिसेंबर २००२
...सडा टाकून व्हायचा, म्हशीची धार निघायची, चुलीवर पाणी चढायचं, की हे हाक मारायचे, "ये, टोक धर." धुतलेल्या फेट्याचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या. मागं सरकत ओढायचा, झटकायचा. तोंडावर बारीक पाणी उडायचं. बोलणं काही नाही. रोजचंच काम होतं, बोलायचं काय?
हे गेल्याला हा तिसरा हिवाळा. आज ट्रंकेतून फेटा काढून धुतला. एकटीला ओढता येईना. एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं. वाळल्यावर दोन हात कापला. नातीला मोहरीची उशी शिवायची आहे. आजोबांनी तिला पाहिलं नाही. तिचं डोकं तरी त्यांच्या फेट्यावर टेकावं.

१५ डिसेंबर
उशी झाली. मोहरी थोरल्या जाऊबाईंनी दिली. लेक सुनंदा नको म्हणते. दौंडच्या दवाखान्यात बाळंत झाली, तिथं तिला सांगितलंय, बाळ उताणं निजवायचं, सपाट घट्ट गादीवर. उशी, गोधडी जवळ नको.
मी म्हणाले, "तुमी दोगं भावंडं असल्याच उशीवर वाढली न्हवं?"
"तवाचं तवा, आई."
उशी फळीवर ठेवली. जेवण गोड लागलं नाही.

१७ डिसेंबर
नर्सबाई येऊन गेल्या. जाऊबाई भांडायलाच बसल्या होत्या. "उशी न्हाई तर डोकं मागनं ताटावानी व्हईल. उद्या पाव्हणं बघाया आलं म्हंजी?"
नर्सबाई हसल्या. "पाव्हणं डोक्यामागं बघत न्हाईत, मावशी. जागी असंल तवा पालथी घाला, खेळवा. निजवताना उताणीच. उशीनं हनुवटी छातीला टेकती, श्वास अडतो."
माझ्या गोधडीत घेऊ का, विचारलं. "खोली एक, अंथरूण तिचं तिला."
रात्री हात लांब केला तर तिची गादी लागते. पण मधे जागा राहतेच. ह्यांच्या मागं माझ्या अंथरुणात कुणी...
असो.

१९ डिसेंबर
दुपारी सु. न्हाणीत होती. जाऊबाईंनी फळीवरची उशी काढली, बाळाच्या डोक्याखाली सरकवली. "बघ कशी राणीवानी निजली."
मी काढली नाही. बघत राहिले. तांबडा रंग विटून विटकरी झालेला, त्यावर एवढंसं डोकं. वाटलं, आत्ता हे दारात उभे असते तर...
मग हनुवटी हळूहळू छातीवर आली. श्वासाला बारीक शिट्टी लागली. ओढून काढली उशी. बाळाची मान सरळ झाली, श्वास मोकळा झाला.
"येवढं काय झालं गं?" जाऊबाई.
"जाऊबाई, पुन्यांदा न्हाई ठेवायची."
त्या फणकाऱ्यानं उठून गेल्या.
संध्याकाळी सु.ला सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल. उशी मांडीवर घेऊन बसली. "आबांच्या डोईचा वास गेला गं ह्याचा," म्हणाली.
रविवारी जावई न्यायला येणार. कंपनीला एकच सुट्टी. त्यांच्या सणसवाडीच्या खोलीत ऊन यायला खिडकी नाही, सु. म्हणते.

२१ डिसेंबर
काल सकाळची कामं आटोपून उशी उसवली. मोहरी फोडणीच्या डब्यात ओतली. फेट्याचा तुकडा दोनदा धुतला. सु.ला हाक मारली, "ये, टोक धर." दोघींनी ओढला, झटकला. तिच्या तोंडावर पाणी उडालं, ती हसली. वाळल्यावर बाळाच्या गादीवर ताणून घातला, कडा खाली घट्ट खोचल्या. सु.नं बाळाला वर उताणं ठेवलं. सणसवाडीला तो नेणार का, मी विचारलं नाही. उरलेल्या फेट्याची घडी घालून ट्रंकेत ठेवली.