हौदावरचं नाव

मुरुड, मंगळवार संध्याकाळ

आज एका समाजसेवी संस्थेनं बांधलेल्या नव्या हौदाचं शूटिंग, त्यांच्या प्रचारफिल्मसाठी. मेंढरं पाण्यावर तुटून पडताना हवी होती, म्हणून मेंढपाळ गंगूबाईला मीच सांगितलं, "मावशी, सकाळपासून पाणी दाखवू नका." ती म्हणाली, "तहानल्याली मेंढरं एकदम सोडत न्हाईत, सायेब. धा-धा सोडावी लागत्यात." मला मेंढरांतलं काय कळतं? तरी म्हणालो, कॅमेऱ्यात गर्दीच चांगली दिसते.

दुपारी तिनं कळपाभोवतीची जाळी उघडली. अख्खा कळप हौदावर आदळला. एक कोकरू पायांखाली सापडलं, बाहेर ओढेपर्यंत संपलं.

शॉट मात्र झकास! फक्त हौदावरचं संस्थेचं नाव मेंढरांआड गेलं. संस्थेचे अधिकारी स्क्रीन बघून म्हणाले, "नाव दिसत नाही. उद्या परत घ्या." कोकराबद्दल ते बोलले नाहीत. मी तरी कुठं बोललो? नाव दिसत नाही, हेच दोनदा वहीत लिहून घेतलं.

गंगूबाई कोकरू मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली, "मंग उद्या बी तहानल्याली ठिवू का?"

हो म्हणालो. वर सांगितलं, साडी हीच नेसा. रक्ताचा डाग तेवढा धुऊन या.