अस्वलिणीच्या दातांतली पिन

ती. बाबा,

इथूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. खोकलाही गेला म्हणायला हरकत नाही. तुमचा गुडघा काय म्हणतो?

आमच्या कार्टून सिनेमातल्या अस्वलिणीचं काम माझ्याकडे आलंय. पिल्लाचे केस विंचरता विंचरता ती त्याला रागावते, एवढाच प्रसंग. पण कॉम्प्युटरवर कितीही हलवली तरी ती बाहुलीच वाटायची. शेवटी मी तिच्या दातांत पिन दिली आणि तिला तशीच बोलायला लावली, आई माझी वेणी घालताना बोलायची तशी.

साहेब म्हणाले, "अस्वलाला पिन कशाला? काढून टाका."

मी उठून, दातांत पिन धरून त्यांना तसंच रागावून दाखवलं. ते आधी हसले, मग पुन्हा पडद्यावरच्या अस्वलिणीकडे बघू लागले.

"राहू दे. कोण आहे ही?"

"माझी आई. गेल्या वर्षी गेली."

बाबा, आपल्याकडे आईचे फोटो आहेत, पण हलती-बोलती ती कुठेच नव्हती. आता आहे. सिनेमा लागला की दादाला घेऊन जा, एकटे जाऊ नका. तिथे सगळे हसतील. तुम्हाला हसू नाही आलं तरी चालेल.

तुमचीच,
धाकटी