खंडेनवमीचे पाच तास

अण्णा,

आज स्वयंपाकघरातल्या फळीवरचा कागद काढला. वर्ष संपलं की आई जुन्या कॅलेंडरची पानं फळ्यांवर अंथरायची, तुम्हाला आठवत असेल. घर रिकामं करायचं म्हणून मी डबे उतरवत होते, तर तेलाच्या डब्याखाली तुमचं अक्षर दिसलं. ऑक्टोबरचं पान. खंडेनवमीच्या चौकोनात पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं: ‘६ ला लावला. ११ ला पूजेसाठी काढला. ५ तास.’ मी ते पान हातात धरून ओट्याला टेकून उभी राहिले. तुम्हाला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली, तरी तुमच्यावर इतकी चिडले की मागं चहा उतू गेला तो कळलासुद्धा नाही.

तुमच्या पेटीचे नियम या घरात सोवळ्यासारखे पाळले जायचे. विमानाच्या ट्रान्समीटरला तुम्ही पेटीच म्हणायचात. यशवंतपूरच्या कारखान्यात सहा दिवस लेथपाशी उभं राहायचं आणि सातव्या दिवशी होसकोट्याच्या अलीकडच्या माळावर रेडिओचं विमान उडवायचं, हे तुमचं आयुष्य होतं, आम्ही दोघी त्याच्या कडेनं चालायचो. पेटीत आठ सेल, पुन्हापुन्हा चार्ज होणारे. उडवायच्या आधी टॉर्चचा बल्ब जोडून ते पार रिकामे करायचे, कारण अर्धवट रिकाम्या सेलला चार्ज केलं की त्याला तीच सवय लागते, असं तुम्ही सांगायचात. मग सलग चौदा तास चार्जिंग, आणि तेही मिक्सरच्या प्लगवर, कारण घरातले बाकीचे प्लग ढिले. ते चौदा तास आई पाट्यावर चटणी वाटायची. वीज गेली की तुम्ही कॅलेंडरवर वेळ टिपायचात, आली की पुन्हा टिपायचात, आणि बेरीज चौदा झाल्याशिवाय कुणी चार्जरला हात लावायचा नाही. तुम्ही सोडून.

मी तेव्हा पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. चार महिने जेवणघराच्या फरशीवर बसून मी एक विमान बांधलं. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या कापल्या, घासल्या, बोटांना डिंकाचे पापुद्रे धरले. पाच फुटी पंख मी एकटीनं केला. आपलं ठरलं होतं की दसऱ्याला पहिल्यांदा तुम्ही ते उडवून बघाल आणि लगेच पेटी माझ्या हातात द्याल. तोवर माळावर एकाही बाईनं पेटी हातात घेतलेली नव्हती. मी त्या दिवसाची किती वाट बघत होते हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून तर राग जात नाही.

दसऱ्याच्या आठवड्यात आपलं सेलवरून वाजलं. मी म्हणाले, आठ साधे पेन्सिल सेल जवळ असू द्यावेत. चार्जचे सेल पेटीवरचा बॅटरीचा काटा शेवटपर्यंत हिरव्यात धरून ठेवतात आणि मग एकदम बसतात, साधे सेल हळूहळू उतरतात, आधी सांगून जातात, एवढंच कॉलेजात शिकलेलं मी बोलत होते. तुम्ही मला माळावरच्या त्या माणसाची गोष्ट ऐकवलीत, ज्यानं पेटीत साधे सेल घातले आणि तसाच चार्जर लावला, मग सगळे सेल आत फुटून गळले. मी म्हणाले, तो गाढवपणा त्याचा, सेलचा त्यात काय दोष? तुम्ही ताट बाजूला सारलंत आणि आईकडे बघत म्हणालात, “चार पुस्तकं वाचून मला सेल शिकवायला निघालीय. पेटी धरायची घाई झालीय हिला, अक्कल यायला स्वल्प वेळ लागतो म्हणावं.” दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आठ पेन्सिल सेल घेतले आणि कॉलेजच्या पिशवीच्या तळाशी टाकून ठेवले. तुम्हाला सांगितलं नाही.

खंडेनवमीला पहाटे उठून मी चार्जर लावला. प्लग घट्ट दाबला, लाल दिवा लागलेला बघितला आणि आत्याकडे मल्लेश्वरमला हळदीकुंकवाला गेले. माझ्यामागं तुम्ही पूजा मांडलीत. स्कूटर धुतलीत, चाकांखाली लिंबं ठेवलीत, दारात कोहळा फोडलात. पाटावर तुमचे नट आवळायचे पाने, पक्कड, आईची विळी, मिक्सरसुद्धा. आणि पेटीही पूजेला बसवायची म्हणून चार्जर काढलात, तिला कुंकू लावलंत. आपल्याकडे पूजेला बसवलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलत नाहीत. चालू मशीनची पूजा करायची नाही आणि पूजेतलं मशीन चालू करायचं नाही, हा तुमच्या आजोबांपासूनचा नेम. मला नेमाबद्दल तक्रार नाही. रात्री साडेआठला मी परत आले तर पेटी झेंडूच्या फुलांत बसलेली. मी विचारलं, चार्जिंग झालं का? तुम्ही भात कालवत होतात. वर न बघता म्हणालात, “झालं सगळं.”

झालं सगळं! पाच तास!

सकाळी आपण स्कूटरवरून निघतो. मी मागं बसलेय, पंख छातीशी उभा धरून, वारा त्याला ओढतोय, हात भरून आलेत. माळावर सणाच्या सुट्टीमुळं गर्दी आहे. तुम्ही आधी तुमचं जुनं विमान दोनदा उडवता, त्याच पेटीवर, पेढे वाटत, गप्पा मारत, मध्ये पेटी बंदही करत नाही. मग माझं विमान. ते उठतं. अण्णा, ते फार सुंदर उठलं, हे मी रागातही नाकबूल करणार नाही. तुम्ही एक मोठा फेरा घेता, मी तुमच्या डाव्या बाजूला उभी आहे, आणि मग ते वळत नाही. तुम्ही पेटीची काडी दाबताय आणि ते सरळ चाललंय, नाक खाली, चिंचेच्या पलीकडे, खडकावर. आवाज उशिरा आला.

सगळे धावले. माळावरच्या क्लबातल्या सर्वांत वडीलधाऱ्या गृहस्थांनी तुमच्या हातातल्या पेटीकडे बघून कानडीत विचारलं, चार्ज पुरा होता का? तुम्ही क्षणभर थांबलात. तो क्षण मी पाहिलाय. मग माझ्याकडे बोट केलंत आणि म्हणालात, “पोरीच्या भरवशावर राहिलो, चूक माझीच.” मान हलवत म्हणालात, मोठ्या मनाच्या माणसासारखे. लोकांना वाटलं, बघा, बाप दोष स्वतःवर घेतोय. कुणीतरी मला समजावलं की होतं असं, पुढच्या वेळी प्लग नीट लावावा.

पुढची वेळ आलीच नाही. पेटी तुम्ही गोदरेजच्या कपाटात कुलूप लावून ठेवलीत. आई म्हणाली, जाऊ दे गं, तोंडातून निघून गेलं त्यांच्या. चार वर्षांनी तुम्ही गेलात, तेराव्यानंतर मी कपाट उघडलं, तर आठही सेलांवर पांढरी भुकटी चढली होती आणि झाकणावर कुंकवाचा डाग तसाच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, पण माझं नुकसान त्याहून मोठं आहे. मी तुमच्यावर विश्वास ठेवला. प्लग मीच ढिला लावला असणार असं धरून चालले. तीस वर्षं टेस्टिंगच्या टेबलावर नोकरी करतेय, अजून प्रत्येक जोडणी दोनदा दाबून बघते, घरातून निघताना गॅस तीनदा. माझ्या हाताखालची मुलं हसतात. आणि तुम्ही त्याच दिवशी, स्वतःच्या हातानं, पाच तास लिहून ठेवलं होतं. विसरला असतात तर मी माफ केलं असतं. कागदाशी तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत, माझ्याशी मात्र बोललात, आणि चार वर्षं एका ताटलीत भाकरी मोडत त्याबद्दल एक शब्द काढला नाहीत.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. उद्या फळ्या उतरवायला सुतार येतोय, त्याच्या आधी पान घडी करून माझ्या पर्समध्ये ठेवते.

एक राहिलं. आईलाही सांगितलं नव्हतं. तुमचा मोठा फेरा चालू होता, तुमची नजर वर होती आणि माझी पेटीवर. काटा हिरव्यातून निघून तांबड्यात आलेला मी पाहिला. पिशवी माझ्या खांद्यावर होती, सेल पिशवीत होते. मला वाटलं, तुम्हाला कळेल, तुम्ही घाईनं उतरवाल, आणि मग सगळ्यांसमोर मी ते आठ सेल काढून तुमच्या हातावर ठेवीन. म्हणून मी गप्प राहिले. ‘अण्णा, उतरवा’ एवढंच म्हणायचं होतं. तेवढा वेळ होता.