सडपातळ अंगठी

२ फेब्रुवारी, सकाळी

ठरलं. तिची अंगठी मी स्वतः डिझाइन करणार.

काल तिच्या मैत्रिणीच्या बोटात एंगेजमेंटची अंगठी पाहिली. अंगठी कसली, नळाची चावी! ती (म्हणजे माझी ती, दातांची डॉक्टर) परत येताना म्हणाली, असला धोंडा मी घातला तर रोज ग्लोव्ह फाटेल. चार वर्षं बरोबर फिरतोय, पण इतकी स्पष्ट सूचना तिने कधी दिली नव्हती. म्हणजे अंगठी हवी आहे, फक्त सडपातळ हवी आहे.

मी अकरा वर्षं औषधांची खोकी डिझाइन करतोय. ज्याला खोकं कळतं त्याला अंगठी काय अवघड? अंगठी म्हणजे तळ आणि झाकण नसलेलं गोल खोकं.

प्लॅन: आठवड्यात अंगठी, लगेच मागणी. विषय संपला.

५ फेब्रुवारी

हॉटेलात चहा. तिच्या मनाचा अंदाज घ्यावा म्हणून सहज विचारलं, समजा कोणी कोणाला अंगठी दिली, तर कशी असावी? म्हणाली, साधी असली तरी चालेल. नसली तरी चालेल.

नसली तरी चालेल! केवढी दृष्टी! म्हणजे अंगठी इतकी बारीक हवी की बोटात आहे की नाही अशी शंका यावी. मी तिथेच पेपर नॅपकिनवर रेघा ओढायला घेतल्या. त्यानंतर ती, विचारणाऱ्याने विचारलं म्हणजे झालं, असं काहीसं म्हणाली. नीट लक्ष देता आलं नाही. पेन गळत होतं.

हो, तिला दुसऱ्या शहरात मोठ्या दवाखान्यात नोकरी मिळतेय. महिनाअखेरीपर्यंत हो-नाही कळवायचंय. काय करू, असं मला विचारत होती. मी म्हटलं, महिनाअखेर म्हणजे रग्गड वेळ आहे, शांतपणे विचार कर. तिने अर्धा चहा तसाच टाकला. त्या हॉटेलातला चहा पूर्वीसारखा राहिलेला नाही.

८ फेब्रुवारी

सोनार सापडला. अत्यंत समंजस माणूस. ड्रॉइंग दाखवलं. रुंदी दीड मिलिमीटर, एकच बारीकसा खडा, तोही वर न येणारा. होऊन जाईल, म्हणाला. आतली कड गोल हवी. होऊन जाईल. नक्षी अजिबात नको. होऊन जाईल, साहेब.

आमच्या ऑफिसात असा एक माणूस असता तर मी कुठल्या कुठे गेलो असतो.

१३ फेब्रुवारी, दुपारी

मेणाचा नमुना मिळाला. आधी मेणात घडवतात, पसंत पडलं की सोन्यात ओततात. नमुन्यावर फूल आहे.

पाच पाकळ्यांचं! हे काय म्हणून विचारलं, तर म्हणतो, फारच रिकामं वाटत होतं. अरे बाबा, रिकामं वाटावं म्हणूनच मी रात्रंदिवस डोकं शिणवलं ना! फूल काढतो म्हणाला. होऊन जाईल.

नमुना मागच्या खिशात घालून ऑफिसात आलो आणि खुर्चीत बसलो. अंगठीचे चार तुकडे झाले. फूल तेवढं शाबूत.

मागणी पुढे ढकलली आहे. घाईत कलेचं वाटोळं होतं.

१६ फेब्रुवारी

माप घेतलं. सिनेमाच्या अंधारात तिच्या बोटाला हळूच दोरा गुंडाळला. काय करतोयस, म्हणाली. मी म्हटलं, दोरा लागलाय. ती हसली आणि सिनेमा संपेपर्यंत हात माझ्याच हातात राहू दिला. त्यामुळे माप दोनदा तपासून घेता आलं.

बाहेर पडल्यावर म्हणाली, तुला काही बोलायचंय का? मी म्हटलं, सध्या तरी नाही. गुपित फोडण्याइतका मी कच्चा नाही.

१८ फेब्रुवारी

ताईला ड्रॉइंग दाखवलं. तिने चष्मा लावला, पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाली, तिला विचारलंस का? मी म्हटलं, डिझाइन फायनल झाल्याशिवाय विचारणार कसं? तर म्हणे, बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. मोठ्या बहिणींना कुठेही म्हण घुसडायची खोड असते. इथे तुरीचा काय संबंध? अठरा कॅरेट आहे.

वर म्हणाली, ती पोरगी तुझ्यासाठी थांबलीय रे, नोकरीला अजून हो म्हणालेली नाही. त्या दोघी फोनवर बोलतात म्हणे. मला न विचारता.

२१ फेब्रुवारी

दुसरा नमुना. फूल नाही. पण जाडी! दाराची कडी शोभेल. सोनार म्हणतो, हाताला जाणवायला नको का, साहेब? नको! नको! नको! हेच तर मी पहिल्या दिवसापासून घसा फोडून सांगतोय. हा माणूस होऊन जाईल म्हणतो, मान डोलावतो आणि मी वळलो की त्याला हवं तेच करतो. मी मनात म्हटलं, तुझी जिद्द तर माझी दुप्पट. आता दीड नाही, सव्वा मिलिमीटर!

ऑफिसातही डोक्याला ताप. खोकल्याच्या औषधाचं नवं खोकं मी जरा सडपातळ केलं होतं. आत बाटली जात नाही. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, बाटली काय गिऱ्हाइकाच्या खिशात घालून द्यायची? रसिकतेचा दुष्काळ आहे. सगळीकडे.

२४ फेब्रुवारी

तिचा फोन. भेटशील का, महत्त्वाचं बोलायचंय. मी म्हटलं, अठ्ठावीसला भेटू. सत्तावीसला नमुना येतोय, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. ती म्हणाली, अठ्ठावीसला उशीर होईल. मी म्हटलं, होऊन होऊन किती होईल, मी ऑफिसातून लवकर निघेन.

पुन्हा दोनदा फोन आला. तेव्हा नेमकी ड्रॉइंगमध्ये आतली कड गोल करत होतो. अशा वेळी हात थांबला की गेलं.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी

आजचा दिवस नीट लिहून ठेवतो, कारण काहीतरी बिघडलंय आणि काय ते लक्षात येत नाहीये.

तिसऱ्या नमुन्यावर बदाम. बाणासकट. दुकानात माझं आणि सोनाराचं कडाक्याचं वाजलं. तो म्हणाला, एंगेजमेंट कळायला नको का? मी म्हटलं, कळायला नकोच! तेवढ्यात दारात ती उभी. ताईनेच पत्ता दिला. घरचा भेदी, दुसरं काय!

तिने काचेवर पसरलेली माझी ड्रॉइंग्ज एकेक करून पाहिली. सगळी. आणि हसली. या महिन्यात पहिल्यांदाच एवढी मोकळी हसली असेल. वेडा आहेस, म्हणाली. मग तिथल्या तयार अंगठ्यांच्या ट्रेमधून एक साधी अंगठी उचलली, बोटात घातली आणि हात माझ्यासमोर धरला. म्हणाली, ही बसतेय. आता विचार.

मी विचार केला. अगदी मनापासून केला. हात उजेडाकडे वळवून पाहिला आणि जे खरं होतं ते सांगितलं, की कड जरा जाड आहे, आणि आतून गोलाई दिलेली नाही.

ती थोडा वेळ हात तसाच धरून उभी राहिली. सोनाराने उगाचच काच पुसायला घेतली. मग तिने अंगठी काढून जागच्या जागी ट्रेमध्ये ठेवली, उद्या उत्तर कळवायचंय, एवढंच म्हणाली आणि गेली.

टीका तिने फार खिलाडूपणे घेतली. मी मागोमाग जायला हवं होतं का? पण बदामाचा निकाल लावायचा राहिला होता.

आता लिहिताना लक्षात येतंय. ती विचार कर असं म्हणाली नव्हती. नुसतं विचार म्हणाली होती.

१ मार्च

तिचा मेसेज. नोकरीला हो कळवलंय, सोमवारी निघते, काळजी घे.

असू दे. अंतर पडलं की माणसाला माणसाची किंमत कळते. शिवाय मला पॉलिशसाठी वेळ मिळतोय. पुढच्या महिन्यात अंगठी घेऊन थेट तिच्या दारात. प्लॅन पक्का.

सोमवार

ताई आणि भाऊजी तिला सोडायला स्टेशनवर गेले. मी गेलो नाही. कारण लिहायला बसलोय, तर एकही धड सुचत नाही. एरवी कारणांचा मला कधी तुटवडा नसतो.

ताई परत येऊन काही बोलली नाही. म्हणसुद्धा नाही.

२० मार्च

अंगठी आली. फूल नाही, बदाम नाही. सव्वा मिलिमीटर. कड आतून गोल. टेबलावर ठेवली तर शोधावी लागते. सोनार म्हणाला, साहेब, मान गये. अकरा वर्षांत माझ्या हातून इतकं चांगलं काही झालेलं नाही.

तिला फोन केला. मागे दातांचं मशीन घूं घूं करत होतं. म्हटलं, अंगठी झाली. ती म्हणाली, छान झालं. रागावलेली नव्हती. रागावली असती तर फार बरं वाटलं असतं. म्हटलं, मग आता हिचं काय करू? म्हणाली, बघ, होईल कुणालातरी. पेशंट खुर्चीत होता, त्यामुळे ठेवते म्हणाली.

बघितलं. माझ्या करंगळीला झाली.

आता निघत नाहीये. ताई साबण घेऊन शेजारी उभी आहे, ओढू का विचारतेय. तिला म्हटलं, राहू दे जरा वेळ.