पाठमोरं बाक

शनिवार, ४ ऑक्टोबर

आज एकदाचा ट्राम म्युझियममध्ये रुजू झालो! पगार शून्य, पण टोपी अस्सल. ट्रुगानिनातल्या आमच्या घरून गाडीने तासाभराच्या वर, शेवटचा टप्पा निलगिरीच्या रानातून. कौमुदीसुद्धा आली, कंडक्टर म्हणून. म्हणाली, एरवी बायकोला कुठे फिरवत नाहीस, निदान तिकिटं फाडायला तरी ने.

शिकवायला कॉलिन, सत्तरी ओलांडलेला जुना ड्रायव्हर. त्याला वाटलं, मला श्रीगणेशापासून सांगावं लागणार. मी वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरचं झाकण उघडून आतला एकेक जोड बोट ठेवून सांगितला. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, पण मॅन्युअलं कोळून प्यायलोय. कॉलिन म्हणाला, गुड ऑन यू मेट, पण सगळंच काही मॅन्युअलात नसतं. हे मला फारसं रुचलं नाही.

शनिवारी रात्रीच्या फेऱ्या असतात. लाकडी गाडी, पितळी दांड्या, पिवळे दिवे, बाहेर मिट्ट रान. रुळांच्या टोकाला पोचलं की गाडी वळवता येत नाही. ड्रायव्हर गाडी चालवायचं हँडल काढून घेतो आणि चालत गाडीच्या दुसऱ्या टोकाला जातो. कंडक्टर प्रत्येक बाकाची पाठ खटकन पलीकडे ढकलतो, म्हणजे लोकांची तोंडं पुन्हा पुढे. मग दोन घंटा. दोन घंटा झाल्या की निघायचं, मागे वळून बघायचं नाही.

शेवटच्या फेरीत परतताना कॉलिनने एक बाक मुद्दाम तसंच ठेवलं, ड्रायव्हरकडे पाठ केलेलं. विचारलं, तर म्हणाला, ते राहू दे, शेवटच्या फेरीला पहिल्यापासून तशीच रीत आहे. असली ढिलाई मला खपत नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर

पहिल्यांदा मी स्वतः गाडी चालवली. एकही धक्का नाही! एका म्हाताऱ्या बाईने उतरताना हात हातात घेऊन कौतुक केलं.

कॉलिन लवकर घरी गेला होता. शेवटच्या फेरीला प्रवासी कुणी नव्हतं. टोकाला कौमुदी त्या बाकापाशी अडली, म्हणाली, कॉलिन नको म्हणालाय ना? मी म्हटलं, नियमात कुठे लिहिलंय ते दाखव. अख्खी रांग पुढे आणि एक बाक मागे, हे माझ्या गाडीत चालणार नाही. ती म्हणाली, हो रे बाबा, तुला उशांचे अभ्रेसुद्धा एका रेषेत लागतात. तिने पाठ ढकलली. जड गेली म्हणे, कुणी रेलून बसल्यासारखी.

घरी येताना कौमुदी गाडीत माझ्या शेजारी बसली नाही, मागे बसली. म्हणाली, पाय लांब करायचेत. केले नाहीत.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

जेवायला बसलो की तिची खुर्ची माझ्या मागे. बेसिनपाशी उभा राहिलो की ती मागे. काय गं म्हटलं की हसते.

शेवटी कॉलिनला फोन केला. बाक फिरवल्याचं सांगितलं. त्याने विचारलं, कुणी फिरवलं? बायकोने, म्हटलं. तो म्हणाला, शेवटच्या फेरीला त्या बाकावर जो बसलेला असतो, त्याला ड्रायव्हर दिसू द्यायचा नसतो. एकदा दिसला की त्याला ड्रायव्हरबरोबर निघायचं असतं. आणि ज्याच्या हातून बाक फिरलं, त्याच्यामार्फत तो ड्रायव्हरच्या जवळ येतो.

उपाय? शेवटच्या फेरीला, त्याच टोकाला, बाक पुन्हा उलटं करायचं. कुणाला जमलंय का, विचारलं. त्याने फोन ठेवला.

शनिवार, १८ ऑक्टोबर

जमलं नाही. तेल घातलं, पाना लावला, दोन्ही खांद्यांनी रेटलं. मी! ज्याच्या हातून आजवर एक स्क्रू सुटायचा राहिला नाही.

कौमुदी त्याच बाकावर येऊन बसली. खिडकीकडची जागा सोडून. त्या जागेशी हळू आवाजात बोलत होती. मराठीत. माझ्याशी हसते तशी हसली.

सोमवार, २० ऑक्टोबर

दिवाळी. फराळाच्या तीन ताटल्या. तिसरी माझ्या खुर्चीच्या मागे, जमिनीवर. चकली अर्धी खाल्लेली.

रात्री ती रडली. म्हणाली, चंदू, मी नाही रे जात तुझ्या मागे, पाय जातात. मला यातून सोडव. तुला सगळं येतं ना?

काही येत नाही मला.

शनिवार, २५ ऑक्टोबर

संध्याकाळपासून कौमुदी घरात नाही. फोन उचलत नाही.

आज रात्रीच्या फेऱ्या रद्द, म्युझियम बंद. माझ्या किल्लीने शेड उघडली. आहे. गाडीत, त्याच बाकावर, युनिफॉर्ममध्ये. हाक मारली, उठत नाही. हात ओढला, उठत नाही. नुसती पुढे बघते.

ठरलं. गाडी टोकापर्यंत न्यायची आणि पहारीने ते बाक मोडायचं. शेडचं दार सताड उघडलंय. छतावरचा पोल अजून खाली बांधलेला आहे, तो वर विजेच्या तारेला लावल्याशिवाय गाडीत वीज नाही, त्यासाठी उतरायचंय. त्याआधी ड्रायव्हरच्या जागी बसून हे लिहून —

फोन वाजला. कौमुदी. नाव कौमुदीचं. म्हणाली, कॉलिनच्या हातापाया पडायला गेले होते, त्याला घेऊन आलेय, फाटकापाशी आहोत, शेड का उघडी आहे? तू आत आहेस का? आत जाऊ नकोस —

मग मागे बसलीय ती —

बघायचं नाही. बघायचं नाही.

एक घंटा.

दुसरी —

दिवे लागले. पोल खाली आहे. हँडल माझ्या खिशात. खिशातच आहे, चाचपून पाहिलं. गाडी सरकतेय —

ब्रेक धरत नाही. पुन्हा ओढला. नाही —

मागे बाक सोडून कुणीतरी उठलं. सावकाश येतंय. खांद्यावर हात. बांगड्या तिच्याच, हात तिचा नाही —

समोर उजेडात कौमुदी. रुळांच्या मधोमध, दोन्ही हात वर. तिला वाटतंय मी चालवतोय, मी थांबवीन. बाजूला हो. ओरडतोय, आवाज निघत नाही. कॉलिन तिला ओढतोय, ती सुटून पुन्हा — कौमुदी, माझ्या हातात नाही गं, माझ्या हातात काहीच —